वाचकांचे प्रश्न : चार पिशव्या प्लाझ्मा कशासाठी?

मागील अंकातील रक्तदानाच्या लेखानंतर इंदूर आणि आसपासच्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख रक्तापेक्षा प्लाझ्मावर होता. आपल्या शहरात रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या नातलगांना केव्हा ना केव्हा प्लाझ्माची चिठ्ठी हातात घेऊन रक्तपेढीकडे धावावे लागते, आणि ती चिठ्ठी कशासाठी आहे हे विचारण्याची हिंमत त्या घटकेला सहसा कोणाला होत नाही. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रावरून एखाद्या रुग्णाच्या उपचाराचा निवाडा करता येत नाही. वैद्यकशास्त्रात आज काय मान्य आहे, एवढेच सांगता येते.

प्रश्न : माझ्या 71 वर्षांच्या वडिलांना यकृताचा सिरॉसिस आहे. पोटात साठलेले पाणी काढण्यासाठी त्यांना एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते. आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो ते दाखवणारी चाचणी) 1.7 आला म्हणून रात्री साडेदहाला आम्हाला 'चार यूनिट प्लाझ्मा का इंतज़ाम कर लीजिए' असे सांगण्यात आले. धावपळ करून आम्ही तो आणला. चारही पिशव्या चढवल्यावर आयएनआर 1.6 झाला आणि पहाटे वडिलांना धाप लागली. त्यांना कोठूनही रक्तस्राव होत नव्हता. हा प्लाझ्मा आवश्यक होता का? (एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा. रक्त गोठवणारे घटक, अल्ब्युमिन हे प्रथिन आणि प्रतिपिंडे त्यात असतात. रक्तदानानंतर साधारण सहा ते आठ तासांच्या आत तो वेगळा करून गोठवला, तर हे घटक टिकतात. त्यालाच 'फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा' किंवा रुग्णालयाच्या बोलीत 'एफएफपी' म्हणतात. तो देण्याचे प्रमुख कारण एकच असते : रुग्णाच्या रक्तात गोठवणारे अनेक घटक एकाच वेळी कमी झालेले आहेत आणि त्यामुळे त्याला रक्तस्राव होत आहे, किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत तो होण्याची खरी शक्यता आहे. या वाक्यातील दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत, आणि व्यवहारात दुसरी अट फार वेळा विसरली जाते.

आता आयएनआरकडे वळू. ही चाचणी मुळात वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्या रुग्णांच्या औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी तयार झाली. सिरॉसिसच्या रुग्णाला रक्तस्राव होईल की नाही, हे सांगण्यासाठी ती कधीच नव्हती. यकृत बिघडले की रक्त गोठवणारे घटक कमी होतात, हे खरे आहे. पण रक्त गोठू न देणारी 'प्रोटीन सी' आणि 'प्रोटीन एस' ही प्रथिनेही तेच यकृत बनवते, आणि तीही कमी होतात. त्यामुळे दोन्ही बाजू खाली येऊन एक नवा, नाजूक समतोल तयार होतो. आयएनआर या समतोलाची एकच बाजू मोजतो, आणि म्हणूनच 1.7 हा आकडा पाहून वाटतो तेवढा धोका त्या रुग्णाला नसतो. उलट अशा रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी झाल्याचेही आम्ही डॉक्टर पाहतो.

पोटातील पाणी काढण्याविषयी तर पुरेसा अनुभव उपलब्ध आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधून 2004 मध्ये अशा 1,100 वेळच्या पाणी काढण्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात काही रुग्णांचा आयएनआर 8.7 पर्यंत होता, प्लेटलेट्स 19,000 पर्यंत उतरलेल्या होत्या, आधी प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स दिलेल्या नव्हत्या, आणि तरीही लक्षणीय रक्तस्राव एकालाही झाला नाही. यकृतरोगाची आजची मार्गदर्शक तत्त्वे या कामासाठी केवळ आयएनआर पाहून प्लाझ्मा देण्याची शिफारस करीत नाहीत. पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढले तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. ती मागणी योग्य असते, आणि अल्ब्युमिनची बाटली व प्लाझ्माची पिशवी या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे नातलगांनी लक्षात ठेवावे.

चार पिशव्यांनंतरही आकडा जेमतेम हलला, याचे आपल्याला आश्चर्य वाटले असावे. मला वाटले नाही. निरोगी दात्याच्या प्लाझ्माचा स्वतःचाच आयएनआर सुमारे 1.1 ते 1.3 असतो. कोमट पाण्यात तेवढेच कोमट पाणी ओतून ते उकळत नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आयएनआर 1.1 ते 1.85 असलेल्या 121 रुग्णांना प्लाझ्मा दिल्यानंतरच्या चाचण्या तपासल्या गेल्या, तेव्हा आयएनआर सामान्य झालेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी भरले. हा अभ्यास 2006 चा आहे. इतकी वर्षे उलटूनही अशा आकड्यासाठी प्लाझ्मा मागवला जातो, याचे कारण मला अज्ञानापेक्षा धास्ती वाटते : सुई टोचल्यावर काही झाले आणि कागदोपत्री आयएनआर दुरुस्त केलेला नसला, तर जाब द्यावा लागेल, ही धास्ती.

पहाटेच्या धापेविषयी. आपल्याकडे एका दात्याकडून 350 किंवा 450 मिलिलिटर रक्त घेतात, आणि त्यातून साधारण 150 ते 250 मिलिलिटर प्लाझ्मा मिळतो. चार पिशव्या म्हणजे सुमारे पाऊण लिटर द्रव, आणि तोही शिरेच्या आतच टिकणारा, प्रथिनयुक्त द्रव. वय झालेले, हृदय वा मूत्रपिंड थकलेले रुग्ण हा भार सहज पेलत नाहीत. फुप्फुसांत पाणी साठते. प्लाझ्मामुळे होणारी ही सर्वांत नेहमीची गंभीर गुंतागुंत आहे. सिरॉसिसमध्ये या जादा द्रवाने यकृताच्या शिरांमधील दाबही वाढतो, म्हणूनच अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होत असतानाही केवळ आयएनआर सुधारण्यासाठी प्लाझ्मा देऊ नये, असे याच दाबाच्या विकाराविषयी भरलेल्या 2021 च्या बाव्हेनो परिषदेतील तज्ज्ञांनी स्पष्ट केले आहे. आपल्या वडिलांची धाप याच कारणाने लागली असे मी येथून म्हणू शकत नाही. परंतु पुढील वेळी त्यांना दाखल कराल तेव्हा ही घटना नव्या डॉक्टरांना अवश्य सांगावी.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या भाच्याला पावसाळ्यात डेंग्यू झाला. प्लेटलेट्स 38,000 झाल्या. डेंग्यूत प्लाझ्मा गळतो असे आम्ही वाचले होते, म्हणून प्लेटलेट्सबरोबर प्लाझ्माही द्या, असा आग्रह आम्हीच धरला. डॉक्टरांनी नकार दिला व नुसते सलाइन चालू ठेवले. भाचा बरा झाला, पण मनात शंका राहिली. (एक वाचक, तिलकनगर, इंदूर)

उत्तर : आपल्या डॉक्टरांनी योग्य तेच केले, आणि आग्रहाला बळी न पडणे हे येथील रुग्णालयांत किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. डेंग्यूत प्लाझ्मा गळतो हे आपण बरोबर वाचले. साधारणतः ताप उतरू लागतो त्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडून द्रव छातीत आणि पोटात पाझरतो. ही गळती 24 ते 48 तास चालते. त्या काळात रक्तवाहिन्यांतील द्रव टिकवून धरायचा असतो, आणि त्यासाठी मोजून दिलेले सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट पुरते. बाहेरून दिलेला प्लाझ्माही त्याच सैल भिंतींतून बाहेर पडतो. गळती थांबली की पाझरलेला सर्व द्रव रक्तात परत येतो, आणि त्या वेळी आधी जास्त भरलेल्या रुग्णाला धाप लागते. म्हणून डेंग्यूत डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, पुन्हा पुन्हा तपासतात. तो मूळच्यापेक्षा 20 टक्के वाढणे ही प्लेटलेट्सच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची सूचना असते.

38,000 प्लेटलेट्स आणि रक्तस्राव नाही, अशा स्थितीत प्लेटलेट्सचीही गरज नसते. सिंगापूर आणि मलेशियात 372 प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2017) 20,000 किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असतानाही प्रतिबंध म्हणून प्लेटलेट्स दिल्याने रक्तस्राव कमी झाला नाही. दुष्परिणाम मात्र वाढले. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, विलक्षण मरगळ किंवा बेचैनी, लघवी कमी होणे, या खुणांकडे लक्ष ठेवावे.

प्रश्न : आमच्या सासूबाईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि त्या वॉरफरिन घेतात. न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडले. आयएनआर 3.4 होता. हाडांच्या डॉक्टरांनी प्लाझ्मा मागवला, तर हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, व्हिटॅमिन के देऊन एक दिवस थांबा. आम्ही कोणाचे ऐकावे? (एक वाचिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : वॉरफरिन हे औषध व्हिटॅमिन के ला अडवून काम करते, त्यामुळे त्याचा उतारा व्हिटॅमिन के हाच आहे. शिरेतून दिलेला लहान डोस सहा ते आठ तासांत परिणाम दाखवू लागतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आयएनआर बहुधा शस्त्रक्रियेच्या मर्यादेत येतो. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो 24 ते 48 तासांत व्हावी अशी अपेक्षा असते; म्हणजे ही वाट पाहणे उशीर ठरत नाही. येथे प्लाझ्माची अडचण दुहेरी आहे. दहा ते पंधरा मिलिलिटर दर किलो वजनामागे, या हिशेबाने 60 किलोच्या व्यक्तीला 600 ते 900 मिलिलिटर द्यावा लागतो, आणि झडप बदललेल्या हृदयाला तो भार जड जाऊ शकतो. शिवाय त्यातील सातव्या क्रमांकाचा घटक काही तासांतच निम्मा होतो, त्यामुळे व्हिटॅमिन के न देता नुसता प्लाझ्मा दिला तर आयएनआर पुन्हा वर जातो, आणि सकाळी पुन्हा चिठ्ठी येते.

हाच प्रसंग वेगळा असता, म्हणजे पडल्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला असता, तर थांबण्यास वेळ नव्हता. तेव्हा व्हिटॅमिन के बरोबर 'प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट' हे औषध देतात. आवश्यक घटक त्यात थोड्या द्रवात एकवटलेले असतात व ते मिनिटांत काम करते. ते महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही. जेथे मिळत नाही तेथे प्लाझ्मा देणे पूर्णपणे समर्थनीय आहे. झडपेवर गुठळी होण्याचा धोका असल्यामुळे व्हिटॅमिन के चा डोस किती आणि वॉरफरिन पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे मात्र हृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवावे.

प्रश्न : आपण प्लाझ्माविरुद्ध बोलता असे काही व्याख्यानांतून वाटते. माझ्या वहिनीला प्रसूतीनंतर इतका रक्तस्राव झाला की रक्ताबरोबर भराभर प्लाझ्मा दिला म्हणूनच ती वाचली. लोक घाबरून नको म्हणू लागले तर? (एक वाचक, महू)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, आणि आपल्या वहिनींच्या बाबतीत प्लाझ्मा निःसंशय योग्य ठिकाणी वापरला गेला. अल्पकाळात फार रक्त जाते तेव्हा गोठवणारे घटकही त्याबरोबर वाहून जातात, आणि केवळ लाल पेशी व सलाइन देत राहिले तर उरलेले घटक आणखी पातळ होतात. म्हणून मोठ्या रक्तस्रावात लाल पेशी, प्लाझ्मा व प्लेटलेट्स ठरावीक प्रमाणात सोबतच देतात. अपघातातील 680 जखमींवर अमेरिका खंडातील 12 केंद्रांत झालेल्या 'प्रॉपर' चाचणीत (2015) तिन्ही घटक समप्रमाणात दिलेल्या गटात पहिल्या 24 तासांत रक्तस्रावाने दगावणारे कमी होते, जरी 30 दिवसांच्या एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. अशा वेळी नातलगांनी 'कशासाठी?' विचारत बसू नये. सही करावी आणि पळावे.

प्रसूतीच्या रक्तस्रावात एक बारकावा आहे. गरोदरपणाच्या शेवटी स्त्रीच्या रक्तातील फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे मूळ द्रव्य, लिटरमागे चार ते सहा ग्रॅम इतके वाढलेले असते. रक्तस्रावात सर्वांत आधी तेच घटते, आणि ते दोन ग्रॅमच्या खाली येणे ही धोक्याची घंटा आहे. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते लिटरमागे साधारण दोन ग्रॅमच. त्यामुळे ते चटकन वाढवायचे असेल तर प्लाझ्मापासूनच काढलेले 'क्रायोप्रेसिपिटेट' अधिक उपयोगी पडते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे एक ग्रॅमचे इंजेक्शन प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटतात, हे 21 देशांतील 20,060 स्त्रियांवर झालेल्या 'वुमन' चाचणीने 2017 मध्ये दाखवले. हे औषध स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या रुग्णालयात प्लाझ्मा पोहोचण्याआधी ते देता येते.

प्लाझ्मावाचून चालतच नाही असे आणखीही आजार आहेत. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होणाऱ्या 'टीटीपी' नावाच्या दुर्मीळ विकारात रुग्णाचा प्लाझ्मा यंत्राने काढून त्या जागी दात्यांचा प्लाझ्मा घालतात, आणि या उपचाराआधी त्या आजारातून क्वचितच कोणी वाचत असे. रक्त गोठवणाऱ्या पाचव्या घटकाची जन्मजात कमतरता असेल तर त्या घटकाचे वेगळे औषधच मिळत नाही, तेथे प्लाझ्माच द्यावा लागतो. हिमोफिलियात मात्र आठवा किंवा नववा घटक स्वतंत्र मिळतो आणि अनेक शासकीय रुग्णालयांत तो विनामूल्य दिला जातो. तो उपलब्ध असताना प्लाझ्मा देणे अयोग्य.

प्रश्न : आमची शेती महूच्या पुढे आहे. आमच्या गड्याला घोणस चावली, रक्त गोठेना. विषावरची लस देऊनही प्लाझ्मा लगेच का दिला नाही?

उत्तर : घोणसाचे विष रक्तातील गोठवणारे घटक संपवत जाते. ते विष फिरत असेपर्यंत बाहेरून दिलेले घटकही त्यालाच बळी पडतात. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते; ती दिल्यावर यकृताला नवे घटक तयार करण्यास काही तास लागतात, म्हणून काचेच्या नळीतील 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सहा तासांनी पुन्हा करतात. पुरेशी लस दिल्यानंतरही रक्तस्राव चालू असेल, तेव्हा प्लाझ्माचा विचार होतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर माझे पती फार अशक्त झाले होते. 'ताकद येईल, प्रोटीन भरेल' म्हणून त्यांना दोन प्लाझ्मा चढवले. फायदा झाला का? (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : झाला नसावा. एका 200 मिलिलिटर पिशवीत सर्व मिळून 12 ते 14 ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंडी खाल्ली तरी तेवढी मिळतात, आणि ती शरीर लवकर वापरतेही. अशक्तपणा, सूज, जखम न भरणे, रोगप्रतिकारशक्ती, यांपैकी कोणत्याही कारणासाठी प्लाझ्मा देऊ नये. कोविडच्या साथीत बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी लोकांनी काय यातायात केली ती आठवावी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांवर चाचणी घेतली, तीत आजार बळावणे किंवा मृत्यू यांपैकी काहीही कमी झाले नाही, आणि मे 2021 मध्ये तो उपचार राष्ट्रीय सूचनांतून काढून टाकण्यात आला.

प्रश्न : माझा रक्तगट एबी पॉझिटिव्ह आहे. 'तुमचे रक्त फारसे कोणाला चालत नाही' असे शिबिरात ऐकावे लागते. मी रक्तदान करू नये का?

उत्तर : अवश्य करावे. लाल पेशींच्या बाबतीत जो नियम आहे तो प्लाझ्मात उलटा होतो. एबी गटाच्या प्लाझ्मात ए किंवा बी विरुद्धची प्रतिपिंडे नसतात, म्हणून तो कोणत्याही गटाच्या रुग्णाला देता येतो, आणि बेशुद्ध जखमीचा गट कळण्याआधी तोच हाताशी लागतो. ओ गटाचा प्लाझ्मा मात्र फक्त ओ गटालाच. आरएच पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे प्लाझ्मात पाहिले जात नाही. शिबिरातील कार्यकर्त्यांनी हे वाक्य म्हणणे बंद करावे.

प्रश्न : प्लाझ्मा आणायला सांगितला, तर नातलगांनी नेमके काय विचारावे? पिशवी परत करता येते का? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : विचारण्याजोगे प्रश्न मोजके आहेत. रक्तस्राव होत आहे का? कोणत्या प्रक्रियेसाठी प्लाझ्मा हवा आहे? व्हिटॅमिन के देऊन थांबता येईल का? रुग्णाच्या वजनाला किती पिशव्या लागतात? शेवटच्या प्रश्नाला माझ्या मते फार महत्त्व आहे, कारण प्रौढ माणसाला 'एकच पिशवी देऊन पाहू' असे म्हटले जाते तेव्हा ती गरज नसताना देण्याइतकीच निरुपयोगी असते : गरज असेल तर ती अपुरी पडते, आणि गरज नसेल तर तिचा धोका मात्र पुरा राहतो.

पिशवी परत करण्याविषयी : गोठलेला प्लाझ्मा वितळवण्यास सुमारे अर्धा तास लागतो, आणि एकदा वितळलेला प्लाझ्मा पुन्हा गोठवता येत नाही. तो रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये ठेवून साधारण 24 तासांत वापरावा लागतो. वॉर्डातील साध्या फ्रीजमध्ये किंवा खिडकीत राहिलेली पिशवी परत घेतली जात नाही, ती नष्ट करावी लागते. म्हणून शस्त्रक्रिया सकाळी असेल तर रात्रीच पिशव्या आणून ठेवू नयेत. रक्तपेढीत न वापरलेला, गोठलेलाच राहिलेला प्लाझ्मा वाया जात नाही. त्यापासून कारखान्यात अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि हिमोफिलियाचे औषध तयार होते.

प्लाझ्मा देण्याआधी लेखी संमती घेतली जाते. कोऱ्या कागदावर ती देऊ नये. पिशवी सुरू झाल्यावर अंगावर पित्त उठणे, थंडी वाजून ताप, छातीत आवळल्यासारखे वाटणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर परिचारिकेला तत्काळ सांगून ती थांबवावी. धाप पिशवी संपल्यानंतरही काही तासांनी लागू शकते; दात्याच्या प्लाझ्मातील प्रतिपिंडांमुळे फुप्फुसाला होणारी इजा सहा तासांच्या आत दिसते, म्हणून रात्री सोबत राहणाऱ्या व्यक्तीला हे सांगून ठेवावे. अशी प्रतिक्रिया आल्यास ती पिशवी फेकू नये. ती आणि रुग्णाच्या रक्ताचा नवा नमुना रक्तपेढीकडे तपासणीसाठी जातो, आणि रक्त व प्लाझ्मा चढवल्यावर होणाऱ्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या, 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे रुग्णालयाला तिची नोंद पाठवता येते. ती पाठवली का, हे नातलगांनी विचारण्यास हरकत नाही.